गावचा कामठा : तुमच्याकडचा कधी बंद झाला?

मापकाठी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ते वाढई होते. (इतर भागातल्या वाचकांसाठी: आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात आणि तो जिथं बसून काम करतो त्या जागेला कामठा.) आता घराची वाटणी होतेय. कामठ्याची जागा चुलतभावाकडे जाईल आणि तिथं तो दुकानाचा गाळा काढणार आहे. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी स्वतः वीस वर्षं पुण्यात आहे आणि वाकस (लाकूड तासायचं हत्यार) हातात धरूनही तेवढीच वर्षं झाली.

मारुतीच्या पारापासून पन्नास पावलांवर, कडुनिंबाखाली आमचा कामठा. तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, वर कवेलू, मधोमध जमिनीत पुरलेला बाभळीचा ओंडका. रोहिणी नक्षत्र लागलं की पाय ठेवायला जागा नसे. कोणाच्या तिफणीचा दाता मोडलेला, कोणाच्या वखराची दांडी गेलेली. काम असलेली माणसं दहा आणि नुसती बसलेली वीस. सरकारच्या एकाधिकार खरेदीतल्या कापसाचे चुकारे (पैसे) कधी निघणार, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कोणाची गाय आटली, सगळं तिथं कळायचं. बाबा मान वर न करता ऐकायचे. मधेच एखादा शब्द बोलायचे आणि तो शेवटचा असायचा.

पंधरा दिवसांपूर्वी हत्यारांची पेटी उघडली. दोन वाकस, चार पटाश्या, दोन रंधे, गिरमिट, गुण्या, मूठ मोडलेली आरी. तळाशी एक काठी निघाली. धावड्याची असावी, जड आहे, हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली. लांबी साधारण ३८ इंच. एका टोकाला खिळा जाईल एवढं आरपार छिद्र. छिद्रापासून टेप लावला तर ९ इंचांवर एक खाच, १८ वर एक, २७ वर एक. उलट्या अंगाला ओळीनं बारीक ३१ खाचा आणि त्यातल्या बहुतेकांवर आडवी रेघ मारलेली.

बाबांनी ही काठी मला कधी समजावून सांगितली नाही. मीही कधी विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. कोणाला ओळखता येईल का? आणि तुमच्या गावचा कामठा कधी बंद झाला, कशामुळे, तेही लिहा.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:३२

राजेहो, काय याद काढली तुमी! आमच्या गावात (बार्शीटाकळी तालुका) कामठा वडाखाली होता. रोहिण्या निंगाल्या की बुढा सकायीच मले धाडे, "जाय, तिफन कामठ्यावर ठेवून ये, नंबर लाव." नंबर लावाले गेलेला मी दुपारी जेवाच्या वक्ताले घरी ये. तिथून हालावसंच वाटे नाई. एकजन पेपर वाचे, बाकीचे आयके. वाढईबुवा लाकूड तासता तासता म्हने, "मांगची ओळ अजून एक डाव वाच." त्याले लिहता वाचता येत नोतं, पन पेपरातली चूक त्याले बरोबर समजे.

आमच्या इथचा २००४ साली बंद झाला. वाढई मेला नाई, ट्रॅक्टर आलं. गावात पह्यलं ट्रॅक्टर आलं तवा सर्वात आंधी पाहाले तोच गेलता. सभोवताल फिरला, पेरनी यंत्राचा एकेक नट हात लावून पाह्यला आन म्हने, "चांगलं केलं हाये बावा, सांधे पक्के हायेत."

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

आमच्याकडं ह्याला सुताराचं मेट म्हणत्यात. कामठा म्हटल्यावर मला आधी कामठी गाव आठवलं, वाटलं नागपूरजवळच्या कुठल्या लढाईचा धागा आहे.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:४७

@पंचगंगाकाठ दादा, लढाई रोजच होये तिथं. कोनाची तिफन आंधी, यावरून.

काठवट | सोमवार, रात्री १०:२०

बायका कामठ्यावर बसत नसत, पण कामठ्यावाचून बायकांचं चाललं असं कोणी समजू नये. काठवट, पोळपाट, ताक घुसळायची रवी, मुसळ, पाळणा, सगळं तिथूनच येई. आणि ढलप्या! सकाळी लवकर जाऊन टोपलंभर ढलप्या आणल्या की चूल पटकन पेटे. त्याचे पैसे वाढईमामा कधी मागत नसत. फक्त म्हणत, "पोरी, सागाच्या वेगळ्या ठेव, त्या मला पाहिजे."

माझं लग्न १९८७ चं, सासर पुसद तालुक्यात. सासूबाईंनी शिवणीच्या लाकडाची काठवट करून घेतली होती. आठ वर्षांनी तिला तळाशी चीर गेली. मी नवी घेऊ म्हटलं तर सासूबाई ती घेऊन स्वतः कामठ्यावर गेल्या. मामांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, बोटभर रुंद पट्टी केली, चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं पाडली आणि कपडा शिवावा तशी तार ओवून ती पट्टी आतून नाही, बाहेरून बसवली. आतून बसवली असती तर कणीक अडकली असती. ती काठवट अजून आहे. भाकरी त्यातच थापते.

डवरा | सोमवार, रात्री १०:५५

मी कृषी खात्यात सहायक होतो, आता निवृत्त. मापकाठीभाऊ, तुमच्या काठीच्या दोन खाचा मी आत्ताच सांगतो. टेप बाजूला ठेवा आणि हातानं मोजा.

१८ इंच म्हणजे एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, २४ अंगुळं. आपल्याकडे ज्वारीच्या दोन ओळींतलं अंतर तेवढंच. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली निघालं आणि ज्वारीला ४५ सेंटिमीटर सांगू लागलं, पण वाढई त्याच्या आधीपासून एका हातावरच तिफणीचे दाते बसवत होते. पुढं सोयाबीन आलं, त्यालाही ४५ च.

९ इंच म्हणजे वीत. ती डवऱ्याच्या (कोळप्याच्या) पाशीची, म्हणजे पात्याची. एका हाताच्या ओळीत वीतभर पास चालली की दोन्ही बाजूंना पिकाची मुळं वाचतात. तिफण आणि डवरा एकाच माणसाच्या मापानं झाले पाहिजेत, नाहीतर डवरणीला पीक उपटून येतं. म्हणून शेतकरी वाढई बदलत नसे. तिफण एका गावची आणि डवरा दुसऱ्या गावचा, असं झालं की भांडणाला कारण.

२७ ची खाच मला सांगता येत नाही. जुवाची म्हणावी तर फार लहान आहे.

मापकाठी | सोमवार, रात्री ११:१५

काका, अंगावर काटा आला. आत्ता हात ठेवून पाहिला. माझा हात खाचेच्या थोडा पुढे जातो. बाबांचा बरोबर खाचेवर येत असणार.

परतवाडा_आरा | मंगळवार, सकाळी ७:४०

आमची तीन पिढ्यांची आरागिरणी, मेळघाटच्या पायथ्याशी. सगळं खापर ट्रॅक्टरवर फोडताय म्हणून लिहितो. लाकूड मिळेनासं झालं हे पण एक कारण आहे.

१९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आला. साग, तिवस, बिजा, मोह, ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडलं तर वाहतूक पास पाहिजे, त्यावर हातोड्याचा ठसा पाहिजे. पुढे १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला आणि जंगलातल्या विनापरवाना आरागिरण्या थांबल्या. २००२ पासून नवीन गिरणीला केंद्रीय समितीची मंजुरी लागू लागली. मोठा व्यापारी कागद पुरे करतो. खेड्यातला वाढई एका तिवसाच्या दांडीसाठी तालुक्याला किती चकरा मारणार? माझ्या वडिलांकडे एक म्हातारे वाढई येत. एका कार्यालयात पाच चकरा झाल्यावर सहाव्यांदा गेलेच नाहीत. त्यांनी लोखंडी पाइपाची दांडी बसवायला सुरुवात केली.

तरी एक सांगतो. मी लाकडावर जगतो आणि मी म्हणतो की कायदा नसता तर आज मेळघाटात झाड दिसलं नसतं. ट्रकच्या ट्रक जाताना मी लहानपणी पाहिले आहेत.

खळं | मंगळवार, सकाळी ८:१५

@परतवाडा_आरा तुमच्या भागात असेल. आमच्याकडे वऱ्हाडाच्या काळ्या मातीत जंगल कुठलं? आमचा वाढई धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीवर जगला. बाभूळ लहान असतानाच तो आणि आमचे आजोबा तिच्याकडे बघून ठरवत, हिला वाक चांगला आहे, ही नांगराची. ही सरळ जातेय, ही वखराच्या खोडाची. दहा वर्षं तिच्यावर कोणी कुऱ्हाड घालत नसे. मग ट्रॅक्टर वळवायला जागा पाहिजे म्हणून आम्ही धुरे साफ केले. एका उन्हाळ्यात चौदा बाभळी मी स्वतः काढायला लावल्या. कामठा बंद होण्यात माझाही हात आहे.

आणि बलुत्याचंही बोललं पाहिजे. वर्षभर काम आणि मोबदला खळ्यावर, तोही शेतकऱ्याच्या मनावर. चांगलं वर्ष असलं तर पायली वर टाकायची, वाईट असलं तर हात आखडता. ७२ च्या दुष्काळात आमच्या घरून वाढयाला काहीच गेलं नाही असं वडील सांगत. तरी पुढच्या मृगात त्यानं आमची तिफण करून दिली. वडील हे सांगताना खाली मान घालत. त्याची पोरं या धंद्यात राहिली नाहीत यात नवल नाही.

उगवतीकडचा | मंगळवार, सकाळी ११:०५

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय. पण कडुनिंबाच्या सावलीत सगळं गाव बसे असं वाचलं तेव्हा थांबलो. सगळं गाव बसत नव्हतं.

माझा आजा वखराला दांडी बसवून घ्यायला जाई तेव्हा सावलीच्या बाहेर, उन्हात बसे. नंबर आला तरी मागून आलेल्याचं काम आधी होई. काम झालं की वाढई दांडी जमिनीवर ठेवी, मग आजा ती उचली. हाताला हात लागू नये म्हणून. बलुतं मात्र आमच्याकडूनही जाई.

१९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, आजा नागपूरला दीक्षाभूमीवर होता. परत येताना पायी येणाऱ्यांबरोबर निघाला आणि वाटेत वर्ध्याच्या बाजारातून एक वाकस विकत घेऊन आला. घरी येऊन आजीला म्हणाला, आता आपल्या औताचं काम मी करणार. पहिली दांडी वाकडी झाली, दुसरी फुटली, तिसरी चालली. पुढं आमच्या वस्तीतली सगळी औतं तोच दुरुस्त करू लागला. त्याच्या हाताखाली चार पोरं शिकली.

तोही कामठाच होता. एका मोहाच्या झाडाखाली. तो १९९१ मध्ये बंद झाला, आजा गेला तेव्हा. आठवणीच काढायच्या तर त्याचीही नोंद असावी म्हणून लिहिलं.

मापकाठी | मंगळवार, दुपारी १:३०

@उगवतीकडचा दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी गावी आत्याला फोन लावला. तिला विचारलं, आपल्या कामठ्यावर असं होतं का? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "होतं. तुझ्या आजाच्या काळात होतं. तुझा बाप हातात देत होता." माझ्या मनात कामठ्याचं जे चित्र होतं ते माझ्या वयाच्या पोरानं सावलीत बसून पाहिलेलं आहे. उन्हातून ते कसं दिसत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. तुमच्या आजोबांची वाकस आहे का अजून?

उगवतीकडचा | मंगळवार, दुपारी २:१०

आहे. दरवर्षी दसऱ्याला पुस्तकांच्या शेजारी ठेवतो.

सिंदीचा_पोळा | मंगळवार, दुपारी ४:२५

पोळ्याला बारा दिवस राहिले आणि वाढयाचा धागा चालू आहे, मग तान्ह्या पोळ्याशिवाय कसं चालेल? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकावरचे लाकडी नंदी ओढत नेतात हा आपल्या विदर्भाचाच सण. आमच्या सिंदी रेल्वे गावात तर माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात, ओढायला घरची चार-पाच माणसं लागतात. आमच्या घरचा नंदी सागाचा, पणजोबांच्या वेळचा. त्याच्या डोळ्यांच्या वर एक वळी आहे, खऱ्या बैलाला असते तशी. कोण्या वाढयानं ती पटाशीनं काढली ते कोणालाच माहीत नाही, त्यानं नाव कुठं कोरलं नाही. पण दरवर्षी रंग देताना माझा ब्रश तिथं आला की आपोआप हळू होतो.

तेव्हा कामठे बंद झाले तरी नंदीचं काम चालू आहे. ज्या वाढयाकडे तिफण येत नाही त्याच्याकडे श्रावणात नंदीच्या ऑर्डरी असतात.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी ४:४०

खरे बैल गेले आन लाकडाचे राह्यले. आमच्या गावात मांगच्या पोळ्याले सहा जोड्या होत्या तोरनाखाली. माह्या लहानपनी मोजता येत नोत्या.

शंकरपट_शौकीन | मंगळवार, सायंकाळी ६:००

बैल गेले म्हणू नका. पट (बैलांच्या शर्यती) परत सुरू झाले आहेत! २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये उठली, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्का मारला. तळेगाव दशासरच्या पटाला जाऊन बघा. पटाच्या गाडीला हलकं आणि चिवट लाकूड लागतं, ते ओळखणारा वाढई आता शोधावा लागतो.

आलापल्लीकर | मंगळवार, रात्री ८:५०

मी अहेरी तालुक्यातला. आमच्याकडे लाकडाची गोष्टच वेगळी. आलापल्लीचं वनवैभव पाहिलं नसेल तर एकदा या. जपून ठेवलेल्या जंगलाचा तो सहा हेक्टरांचा तुकडा, २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथल्या सागाच्या बुंध्याला दोन माणसांनी हात लावले तरी एकमेकांना पुरत नाहीत. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना झोप नव्हती, आपल्या मातीतलं लाकूड तिथं लागणार म्हणून.

आणि आमच्या गावातल्या शाळेचा दरवाजा मात्र पत्र्याचा आहे. साग दारात उभा आहे आणि त्याला हात लावणारा वाढई गावात नाही. शेवटचा होता तो हैदराबादला फर्निचरच्या कारखान्यात गेला.

खाती | मंगळवार, रात्री ९:३५

आत्ताच धागा पाहिला. मी आर्वी तालुक्यातला, लोहाराच्या घरचा. आमच्यात आणि वाढयांत मधे फक्त एक भिंत होती, त्यांचा कामठा आणि आमचा भाता.

मापकाठीभाऊ, तुमची २७ ची खाच चाकाची आहे. छिद्र पाहिल्याबरोबर ओळखलं. छिद्रातून खिळा जमिनीत रोवायचा, २७ च्या खाचेत कोळसा धरायचा आणि काठी गरागरा फिरवायची. जमिनीवर बंडीच्या चाकाचा गोल तयार. दीड हाताची त्रिज्या, तीन हातांचं चाक. तोच गोल धरून पुठ्ठे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे) कापायचे. तुमच्या ओंडक्याजवळच्या जमिनीत एखादा गोल खळगा असेल, खिळा एकाच जागी रोवून रोवून पडलेला. बघा जाऊन.

चाक कसं करत ते लिहितो, कारण करणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत. मधला तुंबा बाभळीचा, वाळलेला पाहिजे, ओल्या तुंब्याला वर्षभरात चिरा पडतात. त्यात १२ आरे. बाहेर ६ पुठ्ठे, प्रत्येकात दोन आरे. आऱ्याचा खाचेत जाणारा भाग किंचित घट्ट ठेवायचा. वाढई तो ठोकताना आवाज ऐकत असे. पोकळ आवाज आला की बाहेर काढून पुन्हा तासायचा. सगळं चाक उभं राहिलं तरी हातानं हलवलं तर थोडं डुलतं. तिथून पुढं आमचं काम.

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तीन हातांच्या चाकाला १४ फुटांहून थोडी जास्त लागते. पण धाव चाकाच्या घेराहून बोटभर तोकडी ठेवतात, इथंच सगळी करामत. जमिनीवर गोवऱ्यांचा गोल हार लावायचा, त्यात धाव ठेवायची, वरून पुन्हा गोवऱ्या. लाल झाली की ताणते, बोटभराचा फरक भरून निघतो. मग तिघांनी तीन बाजूंनी सांडशीनं उचलायची आणि चाकावर बसवायची. लाकूड पेट घेतं, धूर डोळ्यांत जातो, आणि त्याच क्षणी बायका घागरीनं पाणी ओततात. (@काठवट ताई, बायका कामठ्यावर नव्हत्या असं म्हणू नका, या वेळी त्याच लागत.) पाणी पडलं की धाव आक्रसते आणि चाक करकर वाजायला लागतं. बारा आरे आणि सहा पुठ्ठे एकमेकांत आवळले जातात. एका मिनिटापूर्वी डुलणारं चाक दगडासारखं होतं. खिळा नाही, सरस नाही, काही नाही.

शेवटची धाव आमच्या वडिलांनी १९९८ मध्ये चढवली. तोवर टायरच्या बंड्या सगळीकडे झाल्या होत्या.

लकडगंज_प्लाय | मंगळवार, रात्री १०:१५

मी या धाग्यावरचा बहुधा सगळ्यात लहान. वय २६, आयटीआय केलं, नागपुरात लकडगंजच्या बाजूला काम करतो. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. प्लायवूड, एमडीएफ, फेविकॉल. २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली त्यात नोंदणी केली, सुतारकाम त्यातल्या १८ कामांत आहे. अवजारांसाठी १५ हजार मिळाले, त्यात थोडे घालून राउटर घेतला.

तुम्ही सगळे बंद झालं, बंद झालं लिहिताय तेव्हा मला वाटतं की मी जे करतो ते काय आहे? मीही गुण्या लावतो, मीही सांध्याला बोट फिरवून बघतो. आमच्या दुकानासमोर सकाळी चहाला पंधरा कारागीर जमतात, कोणाच्या मालकानं पैसे थकवले, कुठलं ब्लेड टिकतं, सगळं तिथंच कळतं. पंधरातले सहा यवतमाळ-वाशिमचे वाढयाच्या घरचेच आहेत.

पण खातीकाका, खरं सांगतो, लाकडाचा सांधा खिळ्याशिवाय उभा राहतो हे मी फक्त व्हिडिओत पाहिलंय. आम्हाला तसा सांधा करायला कोणी सांगतच नाही. तुम्ही लिहिलेलं चाक मी तीनदा वाचलं.

डवरा | मंगळवार, रात्री १०:४०

@लकडगंज_प्लाय बाळा, तू करतोस ते सुतारकामच आहे, कोणी नाही म्हणत नाही. फरक लाकडाचा आहे. प्लायला उभी-आडवी रेषा सांभाळावी लागत नाही. बाभळीला तिच्या रेषेनं विचारावं लागतं.

खळं | बुधवार, सकाळी ७:५०

रात्री झोप लागली नाही. २७ चं कोडं सुटलं, आता मागच्या ३१ खाचा राहिल्या. कोणाला काही सुचतं का? महिन्याचे दिवस असतील?

परतवाडा_आरा | बुधवार, सकाळी ८:३०

दिवस असते तर रेघा सगळ्यांवर असत्या.

मापकाठी | बुधवार, दुपारी १२:४५

सकाळी आत्याला पुन्हा फोन केला. तिला मोबाइलवर काठीचा फोटो भाच्याच्या मुलानं मोठा करून दाखवला. तिनं दोन मिनिटांत सांगितलं.

त्या औतांच्या खाचा आहेत. बलुतं घरामागं नव्हतं, औतामागं होतं. ज्या घरी बैलजोडी, त्या घरचं एक औत, आणि त्या औताची ठरलेली ज्वारी. आजानं काठीवर ३१ खाचा पाडल्या, गावात ३१ औतं होती तेव्हा. कोणी बैलजोडी विकली आणि नवी घेतली नाही की बाबा त्या खाचेवर आडवी रेघ मारत. क्रम घरांचा, वेशीपासून मारुतीपर्यंत. त्यांना लिहिता येत होतं, वहीही होती, पण हा हिशोब काठीवरच ठेवला.

मी काठी उजेडात धरून नीट पाहिली. पहिल्या सात-आठ रेघा आरीनं मारलेल्या आहेत, बारीक, सरळ, एकसारख्या खोल. मधल्या पटाशीच्या कोपऱ्यानं. शेवटच्या चार चाकूनं ओढल्यासारख्या, आणि त्या तिरप्या गेल्या आहेत. त्यांचा हात तेव्हा थरथरू लागला होता. रेघ नसलेल्या खाचा दोन. आत्याला दोन्ही घरं माहीत आहेत. त्यातल्या एका घरानं यंदा उन्हाळ्यात जोडी विकली.

कामठा कधी बंद झाला असं मीच विचारलं होतं. मी धरून चाललो होतो की २०११, बाबांनी काम सोडलं ते वर्ष. आता सांगता येत नाही.

पऱ्हाटी | बुधवार, दुपारी १:००

…

काठवट | बुधवार, दुपारी १:२०

मापकाठीदादा, ती तिसावी रेघ तुम्ही मारणार का?

मापकाठी | बुधवार, दुपारी १:३५

नाही ताई. तो हिशोब त्यांचा होता. ३१ वं घर आमच्या शेजारचं आहे, त्यांच्याकडे अजून जोडी आहे. त्यांच्या वखराचं रुमणं (हातात धरायचा दांडा) गेल्या वर्षीपासून तारेनं बांधलेलं आहे असं आत्या म्हणाली. उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो, तेवढं तरी बसवून येतो. वाकसांच्या मुठी कोरड्या पडल्यात, त्यांना काय लावू?

खाती | बुधवार, दुपारी १:५०

जवसाचं तेल. थोडं कोमट करून, फडक्यानं, दोन दिवस लागोपाठ. खोबरेल लावू नका. आणि धार निसण्यावर लावा, ग्राइंडरवर नको, जुनं पोलाद जळतं. तिथं गेलात की जमिनीतला तो खळगा आहे का ते नक्की कळवा.

उगवतीकडचा | बुधवार, दुपारी २:०५

रुमण्याला बाभूळ मिळाली नाही तर सांगा. आमच्या धुऱ्यावर दोन उभ्या आहेत, आजानं लावलेल्या. दारव्ह्यापासून फार लांब नाही आमचं गाव.

मापकाठी | बुधवार, दुपारी २:१२

घ्यायला मी स्वतः येतो दादा.

लकडगंज_प्लाय | बुधवार, रात्री ९:०५

खातीकाका, एक विचारू का? पोळ्यानंतर चार दिवस सुट्टी आहे. चाक करायचं ठरवलं तर आर्वीला येऊ शकतो. सहा पुठ्ठे मी कापतो, गोल काढायचा कसा ते आता कळलंय. तुंब्यासाठी वाळलेली बाभूळ कुठं मिळेल?

खाती | बुधवार, रात्री ९:२०

आमच्या माळ्यावर एक तुंबा आहे, वडिलांनी वाळवायला ठेवलेला. ९८ पासून तिथंच आहे. गोवऱ्या सांगून ठेवतो. ये.